माजघरातला टीव्ही : प्रकल्प नोंदी

२६ एप्रिल २०२५, शनिवार

गुहागर तालुक्यातलं आमचं घर जांभ्याचं, कौलारू. पुढे पडवी, मग ओटी, मग माजघर, मागे स्वयंपाकघर, वर माळा. फायबरची जोडणी पडवीपर्यंत आलेली आहे. नवा टीव्ही मात्र माजघरात लागणार, कारण आईबाबा संध्याकाळी तिथेच बसतात. पडवी आणि माजघर यांच्यामध्ये जांभ्याच्या दोन भिंती, दोन्ही दीड-दीड फुटी.

काय काय जोडायचं ते आधी लिहून ठेवतो. ४३ इंची फोर-के टीव्ही, तीन एचडीएमआय पोर्टांचा. डीटीएचचा बॉक्स, जुनाच. बाबांचा स्टीरिओ ॲम्प्लिफायर आणि लाकडी खोक्यांचे दोन स्पीकर, जे बरीच वर्षं कपाटावर पडून आहेत आणि अजून सुरेख वाजतात. एक छोटा पीसी. त्यावर घरातल्या जुन्या व्हिडिओ कॅसेट आणि बाबांनी उत्सवात टेप केलेली भजनं ठेवायची आहेत. आणि हे सगळं जिथून श्वास घेणार तो पडवीतला राउटर.

अट एकच. आईला रोजचं बघायला एक रिमोट पुरला पाहिजे. बाकी जोडणी कितीही देखणी झाली आणि एवढं जमलं नाही, तर काम झालं असं मी म्हणणार नाही.

आज फक्त मोजमाप. राउटरशेजारी उभं राहिलं की फोनवर ५ गिगाहर्ट्झचं वाय-फाय १०० एमबीपीएसच्या प्लॅनचा पुरेपूर वेग देतं. ओटीवर गेलं की एक दांडी. माजघरात ५ गिगाहर्ट्झ दिसतच नाही. २.४ गिगाहर्ट्झ पोचतं, पण वेग ८ ते १४ एमबीपीएसमध्ये वरखाली होत राहतो. एचडी चित्र त्यात निघेल. फोर-के ला १५ ते २५ एमबीपीएस सलग लागतात, ते नाही निघणार. आणि ही एप्रिलमधली मोजमापं आहेत. जांभा सच्छिद्र दगड, पावसाळ्यात ओल धरतो, आणि पाणी वाय-फायच्या लहरी शोषतं. जुलैत हेच आकडे आणखी खाली येणार.

मधे रिपीटर लावायचा सल्ला दोघातिघांनी दिला. ओटीवर जो सिग्नल मुळातच मेलेला आहे तोच पुढे पाठवून काय मिळणार? जे जागचं हलत नाही त्याला वायर, जे हातातून फिरतं त्याला वाय-फाय, हा नियम मी पुण्याच्या घरात पाळतो. इथे तर त्याची जास्तच गरज आहे.

२७ एप्रिल, रविवार

वाडीतले वायरमनकाका सकाळी येऊन गेले. त्यांनी भिंतीवर हात ठेवला आणि म्हणाले, "आरपार भोक पाडू या नको. बिट लांब मिळेल हो, पण आत जांभा कुठे ढासळेल सांगता येत नाही. माळ्यावरून नेऊ."

माळ्यावर दोघं चढून बघितलं. ओटीच्या कोपऱ्यातून वर, वाशांच्या कडेने सरळ, आणि माजघरात टीव्हीच्या बरोबर डोक्यावरून खाली. टेप लावली तर वळणं धरून २२ मीटर. नेटवर्कची तांब्याची केबल १०० मीटरपर्यंत चालते, त्यामुळे अंतराची चिंता नाही. चिंता उंदरांची आहे. माळ्यावर भात आणि नारळ असतात, म्हणजे उंदीर असणारच, आणि दिव्याच्या जुन्या वायरीवर त्यांचे दात स्पष्ट दिसतात. केबल पाइपातूनच गेली पाहिजे.

काकांना एवढंच सांगितलं की दिव्याची लाइन आणि ही केबल एकत्र बांधायची नाही, मधे निदान फूटभर अंतर हवं. जिथे एकमेकींना ओलांडावंच लागेल तिथे काटकोनात.

३ मे, शनिवार

केबल चिपळूणहून आणली. दुकानात ‘कॅट-सिक्स’ लिहिलेली दोन बंडलं होती, किमतीत जवळजवळ दुपटीचा फरक. स्वस्त बंडलाचं टोक सोलून आतल्या तारेवर ब्लेड घासलं. वरचा तांबूस रंग निघाला आणि खाली पांढरी धातू दिसली. म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. असली तार वाकवली की मोडते, तिचा रोध जास्त असतो, आणि समुद्रकाठच्या खाऱ्या दमट हवेत जोडाच्या जागी लवकर खराब होते. दुसऱ्या बंडलात ब्लेड कितीही घासलं तरी तांबंच. तेच घेतलं. पाइपात एकदा गेलेली केबल परत कोण काढणार? इथे पैसे वाचवू नयेत असं माझं ठाम मत आहे.

२५ मिलिमीटरचे पीव्हीसी पाइप, वळणाला मोठे बेंड. पाइप आधी जोडून वाशांना क्लॅम्प मारले, मग स्टीलच्या तारेने केबल ओढली. एक नव्हे, दोन केबली ओढल्या. दुसरीची आज गरज नाही, पण पाइपातून नंतर एकटी केबल ओढणं फार कठीण जातं. शिवाय एक नायलॉनची दोरीही आत सोडून ठेवली.

पाइपाची दोन्ही तोंडं भांडी घासायच्या तारेच्या घासणीने घट्ट बोजली. ही युक्ती काकांची. उंदीर फोम कुरतडतो, कापड कुरतडतो, तारेच्या घासणीला तोंड लावत नाही.

फायबरबद्दल एक गोष्ट लिहून ठेवण्यासारखी. खांबावरून घरात येणाऱ्या फायबरला ताण सहन करायला बाजूने एक स्टीलची तार असते. काच वीज वाहत नाही म्हणून फायबर सुरक्षित म्हणतात ते खरं, पण ही स्टीलची तार वाहते. आमच्याकडे ती फायबरसकट थेट राउटरपर्यंत आणून सोडली होती. काकांनी ती पडवीच्या बाहेर, हुकाच्या पलीकडे तोडली आणि फक्त फायबर आत घेतला. कोकणात मे महिन्यात वळवाच्या विजा कशा पडतात ते इथल्या माणसाला सांगायला नको.

४ मे, रविवार

दोन्ही टोकांना भिंतीवरचे सॉकेट बसवले. केबलीला थेट जॅक लावून लोंबती ठेवण्यापेक्षा हे बरं, कारण रोजची हालचाल मधल्या छोट्या केबलीवर येते, मूळ केबल जागची हलत नाही. रंगांचा क्रम दोन्हीकडे एकच: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. जोड्यांचा पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडायचा नाही. त्या पिळामुळेच बाहेरचा गोंगाट तारेत शिरत नाही.

टेस्टर लावला. एकापाठोपाठ एक दिवे लागत गेले, पाचवा लागला नाही. ही चूक लगेच कळणारी नसते. १०० एमबीपीएसला फक्त १, २, ३ आणि ६ या तारा लागतात, त्यामुळे पाचवी तुटली तरी इंटरनेट चालतं, चित्र दिसतं, सगळे खूश. फक्त १००० ची वाट १०० वर अडकून बसते. माजघराच्या बाजूचा सॉकेट उघडला तर पांढरी-निळी तार खाचेत पूर्ण बसलेली नव्हती. पंच-डाउन हत्याराने परत दाबली. आठही दिवे लागले.

१० मे, शनिवार

टीव्हीमागे पाच पोर्टांचा गिगाबिट स्विच, म्हणजे एका केबलीच्या अनेक वाटा करणारी पेटी, ठेवला. त्यात वरून आलेली केबल, टीव्ही, पीसी आणि माजघरासाठी एक जुना राउटर.

त्या जुन्या राउटरला राउटरसारखं वागू द्यायचं नाही, हे महत्त्वाचं. तो तसाच जोडला तर घरात दोन वेगळी नेटवर्क होतात. टीव्ही एकात, फोन दुसऱ्यात, आणि मग फोनला टीव्ही सापडत नाही. टीव्हीचा शोध ज्या संदेशांनी लागतो ते राउटर ओलांडून पलीकडे जात नाहीत. ‘फोनवरून टीव्हीवर टाकता येत नाही’ या तक्रारीमागे बहुतेक घरांत हेच कारण मला आढळलं आहे. म्हणून जुन्या राउटरमधली डीएचसीपी, म्हणजे उपकरणांना पत्ते वाटायची सोय, बंद केली, त्याला १९२.१६८.१.२ हा पत्ता दिला, आणि केबल त्याच्या ‘वॅन’ (बाहेरच्या इंटरनेटच्या) पोर्टात न घालता ‘लॅन’ (घरातल्या नेटवर्कच्या) पोर्टात घातली. आता पत्ते वाटायचं काम एकट्या पडवीतल्या राउटरकडे आणि जुना नुसता वाय-फाय देतो. २.४ वर पडवीत चॅनल १, माजघरात चॅनल ११, म्हणजे एकमेकांवर कुरघोडी नाही.

पीसीला १९२.१६८.१.१० आणि टीव्हीला १९२.१६८.१.११ हे पत्ते कायमचे राखून ठेवले. इथे लाइट दिवसातून कितीदा जाते त्याला धरबंध नाही. दर वेळी राउटरने नवे पत्ते वाटले तर टीव्हीतलं ॲप पीसीला जुन्या पत्त्यावर शोधत बसेल.

माजघरात पीसीवरून वेग मोजला: राउटरपर्यंत ९४० एमबीपीएसच्या आसपास. टीव्हीचा स्वतःचा लॅन पोर्ट मात्र १०० चाच आहे, बहुतेक टीव्हींचा तसाच असतो. त्यापेक्षा ५ गिगाहर्ट्झचं वाय-फाय वेगवान, असं कागदावर दिसतं. मी तरीही टीव्हीला केबलच दिली. फोर-के ला २५ लागतात, हातात सलग ९४ आहेत. त्यात वळीव आला, माणसं मधे उभी राहिली, शेजारी मिक्सर लावला, काही फरक पडत नाही.

११ मे, रविवार

एचडीएमआय. तीन पोर्टांपैकी एकावरच ‘एआरसी’ लिहिलेलं आहे. टीव्हीतला आवाज उलटा बाहेर नेणारा पोर्ट तो एकच, म्हणून तो आवाजासाठी राखून ठेवला. डीटीएचचा बॉक्स एक नंबरला.

बॉक्स लावल्यावर पडदा अधूनमधून काळा होत होता. टीव्हीत प्रत्येक पोर्टाला साधा आणि वाढीव असे दोन सिग्नल असतात. वाढीव सिग्नल फोर-के च्या नव्या उपकरणांसाठी, जुन्या बॉक्सला तो झेपत नाही. एक नंबरचा पोर्ट साध्यावर आणला, बॉक्सचं आउटपुट १०८०आय केलं, चित्र स्थिर झालं.

पीसी एचडीएमआयने जोडलेलाच नाही. टीव्हीतलं ॲप त्याच्याशी नेटवर्कवरून बोलेल. एक इनपुट कमी म्हणजे आईला चुकायची एक जागा कमी.

१७ मे, शनिवार

आजचा दिवस आवाजाचा. बाबा सकाळीच ॲम्प्लिफायर पुसून बसले होते.

ॲम्प्लिफायरला मागे लाल-पांढऱ्या पिनांचे साधे इनपुट आहेत, टीव्हीला तसं आउटपुट नाही. आधी ऑप्टिकल केबल आणि तिचा सिग्नल साध्यात बदलणारी डबी लावून बघितली. पूर्ण शांतता. टीव्ही डॉल्बीचा सिग्नल पाठवत होता आणि डबीला फक्त पीसीएम (साधा, न आक्रसलेला डिजिटल आवाज) कळतं. टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’ केलं आणि स्पीकर बोलले. बाबा लगेच पुढे सरकून बसले. टीव्हीचे स्वतःचे स्पीकर मागे तोंड करून भिंतीशी बोलतात. इथे प्रत्येक शब्द समोरून आला.

पण ऑप्टिकलवर आवाजाची पातळी ठरलेली असते. टीव्हीच्या रिमोटने ती हलत नाही. जाहिरात लागली की उठून ॲम्प्लिफायरचं बटण फिरवायला जायचं? आईची अट तिथे मोडते. म्हणून पुण्याहून दुसरी डबी आणलेली होती, ती लावली. ही एआरसी पोर्टाला लागते, आवाज साध्या पिनांवर काढते, आणि एचडीएमआयच्या त्याच केबलीतून येणारा सीईसीचा, म्हणजे एका उपकरणाने दुसऱ्याला द्यायचा, हुकूम मानते. म्हणजे टीव्हीच्या रिमोटवर आवाज कमी केला की डबी आपला आवाज कमी करते. सीईसीला प्रत्येक कंपनीने वेगळं नाव दिलं आहे, सॅमसंग ‘एनीनेट प्लस’ म्हणतं, एलजी ‘सिंपलिंक’, सोनी ‘ब्राविया सिंक’. सेटिंगमध्ये सीईसी हा शब्द शोधून सापडत नाही तो यामुळे.

ॲम्प्लिफायरचं बटण एका जागी ठेवून तिथे पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला.

मग ओठ आणि आवाज यांचा मेळ. टीव्ही चित्रावर प्रक्रिया करतो त्यात वेळ जातो, आवाज थोडा आधी पोचतो. तो मोजायला बाबांच्या भजनी मंडळाचा फोनवर काढलेला व्हिडिओ लावला. टाळ हे यासाठी फार उत्तम वाद्य आहे. दोन वाट्या एकमेकींवर आदळतात तो क्षण डोळ्यांना स्वच्छ दिसतो आणि त्याच क्षणी नाद उठायला हवा. बाबा पडद्याकडे बघून "अजून थोडा मागे... अजून... हां, आता बसला" असं सांगत गेले आणि मी डिले वाढवत गेलो. आयुष्यभर टाळ धरलेल्या माणसाच्या कानावर मी कुठल्याही ॲपपेक्षा जास्त विश्वास ठेवतो.

१८ मे, रविवार

रिमोट. आईचा हात डीटीएचच्या रिमोटवर बसलेला आहे. वाहिन्यांचे आकडे तिला पाठ आहेत. तो बदलायचा नाही, त्यालाच टीव्हीची कामं शिकवायची, असं ठरवलं.

अशा बऱ्याच रिमोटांना शिकता येतं. शिकवणीच्या अवस्थेत नेऊन दोन्ही रिमोट टेबलावर समोरासमोर, तोंडाला तोंड लावून दोन-तीन सेंटिमीटरवर ठेवले. डीटीएचच्या रिमोटवर आवाज वाढवायचं बटण दाबलं, मग टीव्हीच्या रिमोटवरचं तेच बटण धरून ठेवलं. दिवा दोनदा लुकलुकला, म्हणजे शिकला. चालू-बंद, आवाज वर, आवाज खाली, आवाज बंद. टीव्ही चालू झाल्यावर कायम एक नंबरच्या पोर्टावर यावा हेही सेट केलं.

आता आई बटण दाबते ते टीव्हीला ऐकू येतं, टीव्ही एचडीएमआयमधून डबीला सांगतो, डबी ॲम्प्लिफायरला देते, आणि बाबांचे स्पीकर हळू होतात. आईला यातलं काहीच दिसत नाही आणि दिसायलाही नको. तिने आवाज कमी-जास्त करून बघितला, वाहिनी बदलली, टीव्ही बंद केला, परत लावला. "जमतंय की," म्हणाली आणि दिवेलागणीला उठली.

२५ मे, रविवार

यंदा पावसाने आजच कोकणात पाऊल टाकलं. हवामान खात्याने तशी घोषणा केली. आठवडाभर आधीपासून पडतोच आहे. माळ्यावरचं काम उरकलं होतं हे फार बरं झालं.

दुपारी जोराची सर आली आणि डीटीएचचं चित्र गेलं. सिग्नल केयू बँडमध्ये, म्हणजे १० गिगाहर्ट्झच्या वरचा, आणि मोठ्या सरीतले थेंब तो वाटेतच खातात. डिश कितीही नीट फिरवली तरी हे पूर्ण टळत नाही. फायबरला पावसाचं काही नाही, माडाची झावळी पडून तो तुटला तरच अडचण. म्हणून टीव्हीत प्रसारभारतीचं ‘वेव्हज’ ॲप टाकलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यात इफ्फी या चित्रपट महोत्सवात ते सुरू झालं, दूरदर्शनच्या वाहिन्या त्यावर थेट दिसतात. डिश गप्प झाली की बाबांनी टीव्हीच्या रिमोटवरचं घराचं बटण दाबून पहिल्या चौकोनावर यायचं. पहिल्या जागी ‘वेव्हज’, दुसऱ्या जागी घरच्या चित्रफिती, बाकी सगळी ॲपं मागे ढकलली.

लाइट गेली की राउटर, स्विच आणि माजघरातला जुना राउटर छोट्या डीसी यूपीएसवर, टीव्ही आणि डबी इन्व्हर्टरवर. विजा कडाडायला लागल्या की मात्र सगळं सोडवायचं. नुसता प्लग काढून भागत नाही, डिशची केबल बॉक्सच्या मागून काढायची, कारण छपरावरची डिश तांब्याच्या केबलीने थेट माजघरापर्यंत आलेली आहे. डिशच्या खांबाला काकांनी वेगळं अर्थिंग दिलं आहे, तरीही. आईला हे सांगावं लागलं नाही. ती पूर्वीपासून अँटेनाची वायर काढून ठेवायची.

१४ जून, शनिवार

पीसीवर लिनक्स आणि त्यावर जेलीफिन, घरातल्या व्हिडिओ-फायली टीव्हीला पुरवणारा प्रोग्राम. २०१८ च्या शेवटी एम्बी या तशाच प्रोग्रामपासून वेगळा झालेला हा सर्व्हर, पूर्ण मोफत, खातं काढायची गरज नाही, घराबाहेर काही जात नाही. टीव्हीत त्याचं ॲप. घरच्या नेटवर्कवरच्या फायली वाजवणारा टीव्हीचा स्वतःचा डीएलएनए प्लेअरही पीसी शोधतो, पण तिथे फायलींची नुसती यादी दिसते. जेलीफिनमध्ये मुखपृष्ठं येतात, आणि आईला नाव वाचण्यापेक्षा फोटो ओळखून निवडणं सोपं.

पीसीच्या बायोसमध्ये (मूळ सेटिंगमध्ये) ‘वीज परत आली की आपोआप चालू’ हा पर्याय निवडला. लाइट आली की तो उठतो, सर्व्हर उठतो, कुणी हात लावावा लागत नाही. पीसी कपाटात ठेवला आहे. माळ्यावर ठेवायचा मोह होता, पण कौलांखाली मे महिन्यात जे तापतं त्यात डिस्क टिकणार नाही.

२८ जून, शनिवार

कॅसेटी. आत्याचं १९९१ चं लग्न, माझी १९९६ ची मुंज, आणि शिमग्याची एक, ज्यात ग्रामदेवतेची पालखी आमच्या अंगणात नाचते आहे. दमट हवेने फितींवर पांढरी बुरशी आली होती. पुण्यात एका माणसाने त्या उघडून साफ केल्या आणि फायली करून दिल्या.

फायली टीव्हीवर लावल्या आणि पालखी वळली की तिच्या कडेला आडव्या दातेरी रेघा उठायला लागल्या. आपल्याकडे टीव्हीची पाल पद्धत होती: ५७६ रेघा, त्याही एका वेळी अर्ध्या, आधी विषम मग सम, सेकंदाला ५० वेळा. नवा टीव्ही दोन अर्ध्या एकत्र दाखवतो आणि मधल्या वेळात पालखी पुढे सरकलेली असते. एफएफएमपेग या व्हिडिओ रूपांतराच्या प्रोग्रामने दोन्ही अर्ध्या सोडवून सेकंदाला ५० पूर्ण चित्रं केली. २५ केली असती तरी चाललं असतं, पण पालखीच्या नाचातली ओढ ५० मध्येच दिसते. सगळं एच-२६४ आणि एएसी, टीव्ही स्वतः उलगडू शकेल असं, म्हणजे पीसीला प्रत्येक वेळी रूपांतर करत तापत बसायला नको.

चौकट ४:३ च ठेवली. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात. बाबा म्हणाले पडदा भरून कर. मी नाही केलं. पडदा भरला की माणसं आडवी ताणली जातात, आणि या माणसांतली निम्मी आता नाहीत. ती होती तशी दिसली पाहिजेत.

१२ जुलै, शनिवार

लग्नाच्या फितीत दीडएकशे माणसं आहेत आणि पुढच्या पिढीत कुणाला ती ओळखता येत नाहीत. आई ओळखते. म्हणून संध्याकाळी तिच्याशेजारी बसून व्हिडिओ थांबवत थांबवत नावं लिहून घेतोय. "ही देवरुखची मामी. तिच्या मागे उभे आहेत ते विष्णूकाका, हे शेवटचे आले होते, त्यानंतर आजारीच." नावं सबटायटल म्हणून घालायची, माणूस दिसला की खाली नाव.

फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन केली, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. टीव्हीच्या प्लेअरवर अक्षरं आली, पण फुटून आली. ‘विष्णूकाका’ मधली पहिली वेलांटी ‘व’ च्या पुढे जाऊन बसली आणि ‘ष्णू’ चा पाय मोडून हलंत वेगळा पडला. इतर नावांतली जोडाक्षरंही तशीच. प्लेअर अक्षरं एकापुढे एक मांडतो, ती जोडायची कशी हे त्याला येत नाही. इंग्रजीला ते लागत नाही, आपल्याला लागतं. इतक्या घरांत हे टीव्ही गेले तरी ही गोष्ट अजून सुटलेली नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

उपाय असा केला की नावं चित्रातच उमटवून टाकली. एफएफएमपेग त्यासाठी सबटायटल काढणारं लिबअ‍ॅस वापरतं, आणि लिबअ‍ॅस अक्षरं हार्फबझ या अक्षरजोडणीच्या प्रोग्रामकडून जुळवून घेतं, त्यामुळे वेलांट्या आणि जोडाक्षरं जागच्या जागी बसतात. फॉन्ट नोटो सान्स देवनागरी, आकार मोठा, काळी कडा असलेला पांढरा, कारण मांडवातल्या दिव्यांमुळे चित्र जागोजागी पांढरं पडलंय. मूळ फाइल नावांशिवाय वेगळी ठेवली आहे.

आज पहिली पंधरा मिनिटं टीव्हीवर लावली. आईने "विष्णूकाका" मोठ्याने वाचलं आणि मग सांगितलं, "पुढची बाई मी चुकीची सांगितली. ती मामी नाही, मामीची बहीण. बदल ते." बदललं.

९ ऑगस्ट, शनिवार

गणपतीला २७ तारखेपासून घर भरणार. मुंबई-पुण्याहून सगळे येणार आणि प्रत्येकाच्या हातात फोन. पडवीतल्या राउटरवर पाहुण्यांसाठी वेगळं वाय-फाय काढलं, ज्यातून इंटरनेट मिळतं पण टीव्ही आणि पीसी दिसत नाहीत. आरती चालू असताना कुणाच्या खिशातल्या फोनवरून टीव्ही बदलू नये. टीव्हीसाठी घरचं वाय-फाय आणि त्याचा पासवर्ड बाबांकडे.

टीव्हीमागच्या प्रत्येक केबलीला दोन्ही टोकांना चिठ्ठी लावली. बॉक्स, आवाज, नेटवर्क.

३ सप्टेंबर, बुधवार

गौरी-गणपतीचं काल विसर्जन झालं. ऋषिपंचमीच्या रात्री माजघरात बसायला जागा नव्हती. लग्नाची पूर्ण फीत लागली, आणि नावांत अजून बऱ्याच दुरुस्त्या निघाल्या. आत्याने सांगितलेल्या वहीत उतरवल्या आहेत. एवढे फोन असूनही टीव्हीचं चित्र एकदाही अडकलं नाही.

डिस्कची तपासणी केली, ठीक आहे. सगळ्या फायलींची दुसरी प्रत पुण्याला नेतोय. पाइपाच्या तोंडाची घासणी बघितली, गंज चढलाय, दिवाळीला स्टेनलेस स्टीलची घालू. डिशच्या केबलीचा छपरावरचा कनेक्टर हिरवट झाला आहे, तो काढून रबरी बुशाचा कॉम्प्रेशन कनेक्टर लावायचा. काकांना ऑक्टोबरचा दुसरा रविवार सांगून ठेवला आहे.